इंग्रजी सर्वनामांविषयी वाचकांच्या शंका

इंग्रजी लेखनासंबंधी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी सर्वनामांविषयी आहेत. त्यांपैकी ज्या शंका अनेकांच्या मनात असतील असे वाटले, त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. वडिलांविषयी परिच्छेद लिहायला सांगितला की पुष्कळ मुले पहिल्या वाक्यात ‘माय फादर इज अ टीचर’ असे बिनचूक लिहितात आणि लगेच पुढे ‘दे गो टू स्कूल बाय बस’ असे लिहून मोकळी होतात. ‘दे’ऐवजी ‘ही’ लिहा असे सांगितले, तर ‘वडिलांचा एकेरी उल्लेख कसा करायचा?’ असे विचारतात. त्यांना काय समजावून सांगावे?

उत्तर : मुलांची शंका रास्त आहे आणि ती चुकीतून नव्हे, तर चांगल्या संस्कारातून आलेली आहे, हे आधी त्यांना सांगावे. मराठीत ‘बाबा आले, ते जेवायला बसले’ असे आपण म्हणतो तेव्हा माणूस एकच असतो, पण आदरापोटी सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही अनेकवचनी होतात. इंग्रजीत तृतीय पुरुषात ही सोय नाही. तेथील ‘ही’ म्हणजे मराठीतला एकेरी ‘तो’ नव्हे; आपण जेथे ‘तो’ म्हणतो आणि जेथे आदराने ‘ते’ म्हणतो, त्या दोन्ही जागा हे एकच सर्वनाम सांभाळते, त्यामुळे त्यात आदरही नसतो आणि अनादरही नसतो. राष्ट्राध्यक्षांपासून शेजारच्या लहान मुलापर्यंत प्रत्येक पुरुषासाठी ‘ही’ आणि प्रत्येक स्त्रीसाठी ‘शी’. आदर दाखवायचा तो नावाआधीच्या उपाधीतून, शब्दांच्या निवडीतून आणि विनंतीच्या वाक्यरचनेतून.

थोड्या मोठ्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. इंग्रजीतही आदरार्थी अनेकवचन होऊन गेले आहे, मात्र ते द्वितीय पुरुषात. पूर्वी एका व्यक्तीला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘ये’ किंवा ‘यू’ म्हणत असत. तेराव्या शतकापासून, फ्रेंच रीतीच्या प्रभावाने, एका मोठ्या व्यक्तीलाही अनेकवचनी रूपाने संबोधण्याचा प्रघात पडत गेला. तो इतका पसरला की सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ नाहीसे झाले आणि सगळ्यांसाठी ‘यू’ उरले. समोर एकच माणूस असतानाही ‘यू इज’ न म्हणता ‘यू आर’ का म्हणायचे, याचे उत्तर येथे आहे. ‘तुम्ही आहात’ ही रचना अंगवळणी पडलेल्या मराठी मुलाला हे फार लवकर पटते.

वर्गात मात्र इतिहासापेक्षा एक साधा प्रश्न अधिक उपयोगी पडेल. ‘दे’ लिहिण्यापूर्वी मुलांनी मोजावे की माणसे किती आहेत. ‘माय फादर मेट माय अंकल्स. दे आर टीचर्स’ असे लिहिले, तर वाचणारा शिक्षकपद काकांना देईल, वडिलांना नव्हे. म्हणजे आदर दाखवायला गेलो आणि वडील वाक्यातून बाहेर पडले. हीच काळजी ओळख करून देतानाही घ्यावी. ‘हे माझे वडील’ याचे इंग्रजी ‘धिस इज माय फादर’ असेच होते, ‘दीज आर’ नव्हे. वस्तूंच्या बाबतीतही मराठीतील लिंगे बाजूला ठेवावी लागतात. खांब ‘तो’, वही ‘ती’ आणि घर ‘ते’ असले, तरी इंग्रजीत तिन्हींसाठी ‘इट’.

प्रश्न : ‘बिटवीन यू अँड आय’ हे बरोबर की ‘बिटवीन यू अँड मी’? मुलाखतीच्या तयारीच्या वर्गात आम्हाला ‘आय’ अधिक सभ्य असल्याचे सांगितले होते.

उत्तर : ‘बिटवीन यू अँड मी’ हेच बरोबर आहे. इंग्रजी सर्वनामाचे रूप सभ्यतेवरून ठरत नाही, वाक्यात ते कोणते काम करते त्यावरून ठरते. कर्त्याच्या जागी आय, ही, शी, वुई, दे. आणि कर्माच्या जागी किंवा ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिटवीन’ यांसारख्या शब्दांनंतर मी, हिम, हर, अस, देम. हा नियम मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही, कारण ‘तुझ्यात आणि मी’ असे आपण कधीही म्हणणार नाही. ‘तुझ्यात आणि माझ्यात’ असे दोन्ही शब्दांना विकार करूनच म्हणतो.

ही चूक अशिक्षितांची नाही, इंग्रजी मातृभाषा असलेले सुशिक्षित लोकही ती सर्रास करतात, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ‘मी अँड माय फ्रेंड वेंट’ असे बोलणाऱ्या मुलाला लहानपणी टोकले जाते आणि ‘माय फ्रेंड अँड आय’ म्हणायला शिकवले जाते. तेथे ‘आय’ कर्ता असल्यामुळे ती दुरुस्ती योग्यच असते. पण कारण न सांगता नुसती दुरुस्ती केल्यामुळे ‘अँड’नंतर नेहमी ‘आय’च येतो अशी समजूत होऊन बसते. मग ‘शी गेव्ह द बुक टू माय ब्रदर अँड आय’ यासारखी वाक्ये तयार होतात. अशा वेळी जोडीदाराला वाक्यातून काढून पाहावे. ‘शी गेव्ह द बुक टू आय’ हे कानाला लगेच खटकते, म्हणून तेथे ‘माय ब्रदर अँड मी’ हवे. ‘बिटवीन’च्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण त्या शब्दाला दोघे लागतातच, तेथे दोघांच्या जागी एकच सर्वनाम घालून पाहावे. ‘बिटवीन वुई’ कोणी म्हणत नाही, ‘बिटवीन अस’ म्हणतात, म्हणून ‘मी’. स्वतःचा उल्लेख शेवटी करण्याचा संकेत खरोखर सभ्यतेचा आहे, परंतु तो केवळ क्रमापुरता आहे. रूपाशी त्याचा संबंध नाही.

याच पत्रात ‘इट इज मी’ आणि ‘दॅन मी’ यांविषयीही विचारले आहे. ‘इट इज आय’ ही रचना जुन्या व्याकरणांना धरून असली, तरी आज ती अवघडलेली वाटते; बोलण्यात आणि साध्या लेखनात ‘इट इज मी’ निःशंकपणे वापरावे. ‘दॅन’च्या बाबतीत मात्र मी अधिक सावध राहण्याचा सल्ला देईन, कारण तेथे कधीकधी अर्थच बदलतो. ‘शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन आय’ म्हणजे माझा तुझ्यावर जितका विश्वास आहे, त्याहून तिचा अधिक आहे. ‘शी ट्रस्ट्स यू मोअर दॅन मी’ याचा सरळ अर्थ असा की तिचा माझ्यावर जितका विश्वास आहे, त्याहून तुझ्यावर अधिक आहे. अशा ठिकाणी ‘दॅन आय डू’ किंवा ‘दॅन शी ट्रस्ट्स मी’ असे पूर्ण लिहावे.

प्रश्न : मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक अमुक’ अशी सुरुवात करणे चूक आहे का?

उत्तर : होय, चूक आहे. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणून नाव सांगावे. ‘मायसेल्फ’ची कामे दोनच. एक, कर्ता आणि कर्म एकच असतात तेव्हा, जसे ‘आय हर्ट मायसेल्फ’. दुसरे, कर्त्यावर भर देण्यासाठी, जसे ‘आय चेक्ड द बिल मायसेल्फ’. दोन्ही ठिकाणी ‘आय’ आधीच वाक्यात आहे. तो नसताना ‘मायसेल्फ’ला टेकायला काही उरत नाही. ‘प्लीज कॉन्टॅक्ट द मॅनेजर ऑर मायसेल्फ’ या कार्यालयीन वाक्यातही ‘ऑर मी’ एवढेच पुरेसे आहे. ‘मी’ हा शब्द रुक्ष किंवा उद्धट वाटतो, ही भीती अनाठायी आहे. याच गटातील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे : ‘यू’वरून एक की अनेक हे कळत नाही, पण ‘युअरसेल्फ’ एकाला आणि ‘युअरसेल्व्हज’ अनेकांना, हा भेद अजून शिल्लक आहे.

प्रश्न : मी एका कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार पाहतो. ‘द मॅनेजर टोल्ड द क्लार्क दॅट ही हॅड मेड अ मिस्टेक’ या माझ्या वाक्यावरून मोठा गैरसमज झाला. व्याकरणात तर चूक दिसत नाही. मग वाक्य कोठे बिघडले?

उत्तर : व्याकरण शुद्ध आहे, तरीही वाक्य सदोष आहे, कारण चूक व्यवस्थापकाची की कारकुनाची, हे ‘ही’ सांगत नाही. सर्वनाम वापरताना मला ही बाजू रूपांच्या शुद्धतेपेक्षाही महत्त्वाची वाटते. ‘मी’ऐवजी ‘आय’ लिहिले तर वाचकाला खटकते, पण अर्थ कळतो. ‘ही’ कोण हेच कळले नाही, तर दोष भलत्याच्या माथी बसतो.

मराठीत अशा काही जागा आपोआप सांभाळल्या जातात. ‘रमेशने सुरेशला आपली वही दिली’ म्हटले की वही रमेशची, हे सहसा निश्चित होते. ‘त्याची वही दिली’ म्हटले की ती सुरेशची किंवा आणखी कोणाची तरी. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज नोटबुक’. इंग्रजीत लिहिताना ही उणीव लेखकालाच भरून काढावी लागते आणि त्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे नामाची पुनरुक्ती करायला न लाजणे. तुमच्या वाक्यात चूक कारकुनाची असेल, तर ‘द मॅनेजर पॉइंटेड आउट द क्लार्क्स मिस्टेक’. चूक व्यवस्थापकाची असेल, तर ‘द मॅनेजर ॲडमिटेड टू द क्लार्क दॅट द मिस्टेक वॉज हिज ओन’. योग्य क्रियापद निवडले की सर्वनामावरचा अर्धा भार उतरतो. करारपत्रांत तेच नाम पुन्हा पुन्हा येते ते याच कारणासाठी, आणि तेथे भाषेचे सौष्ठव शोधू नये.

‘वुई’च्या बाबतीतही हीच दक्षता हवी. मराठीत ‘आपण भेटू’ आणि ‘आम्ही भेटू’ यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे स्पष्ट होते. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘वुई विल मीट’. सूचनापत्रात ‘वुई विल मीट ॲट फाइव्ह’ एवढेच लिहिले, तर पत्र मिळालेल्याने यायचे की नाही, हे त्याला कळणार नाही. ‘ऑल ऑफ अस, इन्क्लूडिंग यू’ किंवा ‘द कमिटी विल मीट’ असे नेमके लिहावे.

प्रश्न : ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर बुक’ हे वाक्य माझ्या मुलीच्या पुस्तकात आहे. आम्हाला येथे ‘हिज’ शिकवले होते.

उत्तर : एकवचनी ‘दे’ ही आजची टूम नव्हे, चौदाव्या शतकापासूनच्या इंग्रजीत तिचे दाखले मिळतात. मधल्या काळात व्याकरणकारांनी ‘ही’चा आग्रह धरला, आणि कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही अंतर्भूत समजाव्यात, असा कायदा ब्रिटिश संसदेने 1850 मध्ये केला. आज अनेक लेखनशैलीच्या पुस्तिका ‘दे’ स्वीकारतात; संशोधनपर लेखनात बहुमान्य असलेल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेने 2019 च्या सातव्या आवृत्तीत त्याचा स्पष्ट पुरस्कार केला. व्यक्तीचे लिंग माहीत नसेल किंवा ते सांगण्याचे प्रयोजन नसेल, तर ‘देअर’ योग्य आहे. वर्गात निम्म्या मुली असताना ‘हिज’ लिहिणे मला तरी पटत नाही. परीक्षक जुन्या वळणाचे असतील अशी शंका असेल, तर ‘ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स’ असे अनेकवचन करावे. वडिलांविषयीच्या ‘दे’शी याची गल्लत मात्र मुलीने करू नये, तेथे व्यक्ती ठाऊक आहे, म्हणून ‘ही’च.

प्रश्न : ‘इट्स’ लिहिताना अपॉस्ट्रॉफी केव्हा द्यावी? आणि ‘हू’ व ‘हूम’ यांतला फरक थोडक्यात सांगाल का?

उत्तर : ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप असेल तरच अपॉस्ट्रॉफी द्यावी; मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’ला ती नाही, जशी ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांनाही नाही. नामाला मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागते, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. शंका आली तर ‘इट इज’ असे पूर्ण वाचून पाहावे. वाक्य जुळले नाही, तर चिन्ह काढून टाकावे.

‘हू’ कर्त्यासाठी, ‘हूम’ कर्मासाठी. उत्तरात ‘ही’ येत असेल तर ‘हू’, ‘हिम’ येत असेल तर ‘हूम’. बोलण्यात ‘हूम’ मागे पडत चालले आहे आणि ‘हू डिड यू मीट’ला आता कोणी हसत नाही, औपचारिक लेखनात, विशेषतः ‘टू’ किंवा ‘विथ’ यांच्या लगेच नंतर, ते अजूनही आवश्यक आहे. मराठीतील ‘जो–तो’ रचनेमुळे होणारी एक चूक मात्र येथे टाळावी. ‘ज्या माणसाला मी भेटलो, तो डॉक्टर आहे’ याचे इंग्रजी ‘द मॅन हूम आय मेट इज अ डॉक्टर’ एवढेच. त्यात ‘आय मेट हिम’मधले ‘हिम’ नको आणि ‘ही इज’मधले ‘ही’ही नको, कारण पहिल्याचे काम ‘हूम’ने केले आहे आणि दुसऱ्याचे ‘द मॅन’ने.