कॅलेंडर जोडताना पुन्हा पुन्हा साइन-इन

प्रश्न : मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत नोकरी करतो. व्हिडिओ मीटिंगची सेवा एका कंपनीची आणि कॅलेंडर दुसऱ्या कंपनीचे आहे. दोन्ही जोडू गेल्यास पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुन्हा साइन-इनचेच पान समोर येते. पासवर्ड दोनदा बदलूनही उपयोग झाला नाही. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पासवर्ड बदलण्याची घाई आपण उगाच केलीत, दोष बहुधा तिथे नाही. अशी जोडणी सहसा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओऑथ २.०’ या पद्धतीने होते. तीत मीटिंगच्या सेवेला आपला पासवर्ड दिला जात नाही, तर कॅलेंडर पुरवणारी कंपनी तिला मर्यादित अधिकाराचे एक टोकन, म्हणजे डिजिटल परवाना, देते. ब्राउझरमध्ये घरचे आणि कार्यालयाचे अशी दोन खाती एकाच वेळी उघडी असतील, तर हे टोकन भलत्याच खात्याच्या नावाने निघू शकते. त्यासाठी ब्राउझरमध्ये स्वतंत्र प्रोफाइल तयार करून त्यात केवळ कार्यालयाचे खाते उघडावे. (इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तीत त्रयस्थ कुकी, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतर संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, अनेकदा अडवल्या जातात आणि त्यामुळेही हाच फेरा सुरू होऊ शकतो.) नव्या प्रोफाइलमधून पुन्हा जोडणी करण्याआधी कॅलेंडरच्या खात्यातील जोडलेल्या ॲपच्या यादीतून जुनी परवानगी काढून टाकावी.

एवढे करूनही ‘प्रशासकाची मान्यता आवश्यक’ असा संदेश आल्यास आपल्या हाती काही उरत नाही. ती परवानगी कार्यालयातील संगणक विभागालाच द्यावी लागेल.