‘अतिप्रतिनिधित्व’ नव्हे, भरणा!

प्रश्न असा : ‘ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांतील आदिवासींचे अतिप्रतिनिधित्व कमी करण्यासाठी सरकारने त्यांचा सहभाग घेतला’ या बातमीतला ‘अतिप्रतिनिधित्व’ शब्द योग्य आहे का?

नाही. प्रतिनिधी निवडून द्यायचा असतो, कोठडीत कोणी निवडून जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत शंभरात चारही आदिवासी नाहीत आणि कैद्यांत मात्र दर तिघांमागे साधारण एक. याला मराठीत ‘भरणा’ म्हणतात. ‘लोकसंख्येच्या मानाने तुरुंगात आदिवासींचा भरणा फार.’ संपलं.

खरी गंमत ‘तुरुंगा’त आहे. हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. भोकं पाडलेल्या ओंडक्यात कैद्याचे पाय अडकवायचे. तो ओंडका त्रोंकु आणि पुढे तो जिथे असे ती जागाही त्रोंकु. मलायी भाषेतही तुरुंगाला ‘तरुंकू’ म्हणतात, तोही याच खोडाचा धुमारा. आता आपला ‘खोडा’ बघा. खोडापासून खोडा, पाय अडकवायचाच! माझा कयास असा, की ही कल्पना इथे आधीच रुजलेली होती म्हणून परका शब्द एवढा बिनबोभाट घरचा झाला. माझ्या ओळखीचे एक संस्कृताभिमानी गृहस्थ मात्र ‘तुरंग म्हणजे घोडा, कैदी तबेल्यात डांबत, म्हणून तुरुंग’ असं छातीठोक सांगतात. त्यांचा घोडा त्यांना लखलाभ.

बातमीतली दुसरी चूक कोणी विचारलीच नाही : ‘सहभाग’. जुलै २०२०च्या ‘क्लोझिंग द गॅप’ (आदिवासी आणि इतर यांच्यातली दरी बुजवण्याच्या) करारावर तिथल्या सरकारांबरोबर आदिवासी संस्थांच्या आघाडीची, ‘कोअलिशन ऑफ पीक्स’ची, सही आहे. २०३१पर्यंत प्रौढांच्या कैदेचं प्रमाण किमान १५ टक्क्यांनी आणि १० ते १७ वयाच्या मुलांचं किमान ३० टक्क्यांनी उतरवायचं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. सहभाग काय, प्रभातफेरीतही घेता येतो. इथे शब्द हवा ‘भागीदारी’. ‘भाग’ संस्कृत, ‘दार’ फारसी : वाटा हातात धरून बसलेला तो भागीदार.

अर्थात हाही शब्द सरसकट वापरू नका. व्हिक्टोरिया राज्यात २००२पासून कूरी कोर्ट भरतं; कूरी म्हणजे त्या भागातले आदिवासी. गुन्हा कबूल केलेला आरोपी, आदिवासी वडीलधारे आणि दंडाधिकारी एकाच टेबलाभोवती बसतात. वडीलधारे पोराला चार शब्द सुनावतात, दंडाधिकारी ते ऐकतो. शिक्षा मात्र तो एकटाच ठरवतो. तिथे ‘भागीदारी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.