कानातला मळ काढायला जाण्याआधी

कानाला दडे बसलेत म्हणून थेट डॉक्टरांकडे धावू नका. आधी मळ मऊ करा, नाहीतर कोरडा खडा ओढताना कानाच्या नळीची कातडी सोलते. औषधाच्या दुकानात मळ विरघळवणारे थेंब मिळतात. कुशीवर झोपून दोन-तीन थेंब, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच दिवस. मळ फुगून ऐकू येणं आणखी कमी होईल, घाबरू नका. विहिरीत पोहल्यावर अचानक कान बंद होतो तोही याचमुळे. लसूण तापवलेलं तेल मात्र नको, भाजतं.

पूर्वी पडद्याला भोक, कानाचं ऑपरेशन, पू किंवा मधुमेह असेल तर थेंब घालण्याआधीच कान-नाक-घसा तज्ज्ञांना सांगा. भोक असेल तर पिचकारीने पाणी मारून कान धूत नाहीत, बारीक नळीने मळ ओढून घेतात. आवाज मोठा येतो, पण कान कोरडा राहतो.

पिचकारीचं पाणी ३७ अंशांचं, म्हणजे अंगाइतकंच कोमट लागतं. गार किंवा गरम असलं की गरगरतं. म्हणून घरी हा उद्योग नको, त्यात सोलापुरी उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चटकाच. धार पडद्यावर नव्हे, कानाच्या नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारतात. दुखलं की लगेच थांबवायला सांगा.

यंत्रमागाच्या खडखडाटात कानात बोळे घालणाऱ्यांचा मळ आत दाबला जातो, त्यांचे कान परत भरतात. काडी, किल्ली, हेअरपिन यांनीही तेच होतं.