कोकणातल्या कौलारू घराला वादळ आणि पावसापासून कसं वाचवायचं?

सगळ्यात आधी छपराच्या कडा बघा, कारण वारा पागोळ्यांच्या बाजूने खाली घुसतो आणि छप्पर वर उचलतो, म्हणून टोकाची आणि आढ्यावरची कौलं पहिली जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे हेच झालं, कौलं तर गेलीच पण नुसत्या खिळ्यांवर ठोकलेले पत्रेही उडाले. तेव्हा कडेच्या दोन-तीन ओळी गंज न लागणाऱ्या तारेने रिपांना (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांना) बांधून घ्या, आढ्यावरची कौलं सिमेंटमध्ये पक्की बसवा, पत्रे असतील तर हुक-बोल्ट आणि रबरी वॉशर लावा, आणि वासे भिंतीला पट्टीने जखडलेत का तेही बघा नाहीतर अख्खा सांगाडाच हलतो. हे सगळं मे संपायच्या आत, जूनमध्ये गवंडी मिळत नाही हो.

घरावर झुकलेली झाडं आणि वाळक्या झावळ्या काढून टाका, माडाचं काम पाडेलीकडूनच (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याकडूनच) करून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पाणी पिते, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला गिलावा नसेल तर निदान झडीसाठी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री हवीच. पन्हळीतला पाला काढा, जोत्यापासून पाणी लांब जाईल असा उतार द्या. फक्त वॉटरप्रूफ रंग फासून काही होत नाही, आधी भेगा भरा!

वादळाचा इशारा आला की मेन स्विच बंद आणि कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये.