खिंडसीच्या कॅम्पआधी

प्रिय बेटा,

रविवारी उपासना सुटल्यावर तू घाईघाईत सांगितलंस, की यंदाचा फॅमिली कॅम्प तरुण संघाने तुझ्या गळ्यात घातलाय. यादीही दाखवलीस. १४ कुटुंबं, ५२ माणसं, डिसेंबरातल्या २ रात्री, रामटेकजवळ खिंडसी तलावावर. भजनं, बायबल क्विझ, शेकोटी, सगळं वेळेनिशी लिहिलेलं. फक्त कुणाचं काम काय, ते कुठे दिसलं नाही.

तू म्हणशील, अंकल, सगळी आपलीच तर माणसं. तिथेच मेख आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी असाच कॅम्प नेला होता. संध्याकाळी ढोलकीवर भजन रंगलेलं, आणि एक सहा वर्षांचा पोरगा दिसेना. आईला वाटलं बापाजवळ आहे, बापाला वाटलं संडेस्कूलच्या टीचरजवळ, टीचरला वाटलं आजीजवळ. आम्ही टॉर्च घेऊन तलावाच्या काठाने धावत होतो आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांनी तो भलत्याच तंबूत गोधडीखाली गाढ झोपलेला सापडला. जत्रेत आई पोराचा हात सोडत नाही. मंडळीच्या माणसांत सोडते, कारण बघायला सगळेच असतात.

म्हणून चार-चार मुलांमागे एका मोठ्या माणसाचं नाव लिही. त्याला उठायचं असेल तर ‘आता तू बघ’ असं तोंडाने सांगून, समोरच्याचं ‘हो’ ऐकून मगच उठायचं. झोपायच्या आधी डोकी मोजू नको, नावं घे. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. काठावर एकट्याने कुणी जायचं नाही, पाळकसाहेबांनीसुद्धा.

ज्यांच्या नावाच्या कॉलेजात तू शिकलास ते मिशनरी हिस्लॉपसाहेब कसे गेले, माहीत आहे? सप्टेंबर १८६३. नागपूरजवळच्या टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघायला गेले होते, सोबत मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल. बाकीचे पुढे निघाले, हिस्लॉप गावची शाळा तपासायला मागे थांबले. अंधारात बोरीच्या मुक्कामाकडे येताना फुगलेल्या ओढ्यात बुडाले. घोडा रिकामाच मुक्कामावर आला, तेव्हा कुठे लोकांना कळलं. एवढा लवाजमा असून.

पुढचं लिहायला मला थोडी लाज वाटते. तो कॅम्प आटोपून घरी आल्यावर तुझी आंटी म्हणाली, ‘कॅम्पला तुम्ही गेले होते. मी फक्त मोठ्या स्वयंपाकघरात जाऊन आले.’ खरंच होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोन्ही दिवस पोळ्या बायकांनीच लाटल्या. आम्ही पुरुष साक्षी, म्हणजे देवाने काय केलं ते अनुभव, ऐकत बसलो होतो, आणि त्या साक्षीही पुरुषांच्याच. तू सरळ मनसर किंवा रामटेकचा आचारी लाव. एका रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी ठेव, ते काम पुरुषांचं. शेतावरच्या पार्टीत गोवऱ्यांवर रोडगे भाजायला हात येतात, मग कॅम्पात काय होतं? फक्त गोवऱ्या पेटवायच्या आधी वर झाडाकडे बघ. आग्या मोहोळ असेल तर धूर करायचा नाही, जागाच बदलायची.

थंडीला हलकं घेऊ नको. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि उघड्या माळावर तलावाचा वारा वेगळाच. थंडी जमिनीतून चढते, म्हणून अंगावर एक पांघरूण कमी चालेल, खाली ताडपत्रीवर जाड सतरंजी हवीच. साठीच्या पुढच्यांना खोलीच घे, संडास लागून असलेली. सत्तरीच्या आजीला रात्री तीन वाजता तंबूच्या चेनशी झगडायला लावू नको.

राहिली वर्गणी. सगळ्यांसमोर वहीत नावं लिहून पैसे घेऊ नकोस. पाकीट, एकाच माणसाच्या हातात, आणि आत किती ते त्या माणसाच्या पोटात. तरी एक घर यायचं नाही, तुला माहीत आहे कोणतं. दरवर्षी त्यांच्या पोराची परीक्षा निघते. आम्ही दरवर्षी ‘बरं’ म्हणून पुढचं नाव वाचलं.

त्यांच्याकडे फोन करू नको, घरी जा. चहा घे. वर्गणीचा विषय काढू नको. आमच्या मंडळीत त्या पोराच्या बापासारखे रोडगे कुणाला जमत नाहीत. ५२ माणसांना कणीक किती लागेल आणि गोवऱ्या कुठून आणायच्या, हे त्यालाच विचार, आचाऱ्याला विचारायच्या आधी.

तुझे,
अंकल