विचारा, सांगते : आयोडीन जास्त झालं तर?

गेल्या अंकात थायरॉइडच्या गोळीबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेलं होतं : आयोडीन कमी पडलं तरी थायरॉइड बिघडतो, जास्त झालं तरी बिघडतो. पहिल्या निम्म्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही, दुसऱ्या निम्म्यावर मात्र पत्रांचा ढीग आला. त्यातली काही इथे घेते. बहुतेक पत्रांत टीएसएचचा आकडा आहे : मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला ‘काम कर’ असं सांगते ते हे हार्मोन; थायरॉइड मंदावला की ते चढतं, सुटला की उतरतं. नावं छापलेली नाहीत. पुढच्या वेळी रिपोर्टची झेरॉक्स पाठवताना त्यावरचं नाव आणि फोन नंबर आधीच खोडत जा, म्हणजे ते काम माझ्याकडे राहणार नाही.

मी ४१ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी टीएसएच ७.२ आला, अँटीबॉडी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, तपासत राहू. मग मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. मनगटावर टिंक्चर आयोडीनचा डाग लावायचा, चोवीस तासांच्या आत गेला तर शरीरात आयोडीन कमी. माझा सहा तासांत गेला. ऑनलाइन लुगॉल्स या आयोडीनच्या द्रावणाची ५ टक्क्यांची बाटली मागवली, रोज सकाळी दोन थेंब पाण्यातून घेते. अडीच महिन्यांनी टीएसएच ३८ आलाय. गळा भरल्यासारखा वाटतो, आवाज घोगरा झालाय, वर्गात उभं राहवत नाही. व्हिडिओवाले म्हणतात, टीएसएच वाढणं ही औषध लागू पडल्याची खूण आहे, थेंब वाढवा. — इस्लामपूर

थेंब आजपासून बंद. बाटली फेकू नका, ती पर्समध्ये घालून या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडे जा. लेबलावर काय लिहिलंय ते त्यांना स्वतः वाचू द्या. ‘काहीतरी नैसर्गिक घेत होते’ एवढं सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही, हे मी ओपीडीत रोज अनुभवते.

आता हिशेब. तुम्ही शिक्षिका आहात, पडताळून बघा. ५ टक्के लुगॉल्सच्या एका थेंबात सव्वासहा मिलीग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. दोन थेंबांचे झाले साडेबारा. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम. मिली आणि मायक्रो यांत हजारपटीचा फरक आहे आणि व्हिडिओवाल्यांची सगळी चलाखी तिथेच चालते, कारण ‘साडेबारा’ ऐकायला किरकोळ वाटतं. ते १२,५०० मायक्रोग्रॅम झाले. म्हणजे चहाच्या आधीच तुम्ही रोज जवळजवळ तीन महिन्यांचं आयोडीन पीत होतात. अमेरिकेत मोठ्यांसाठी वरची मर्यादा १,१०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपात तर ६००.

लुगॉल्स हे भोंदू औषध नाही बरं का. जाँ लुगॉल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते १८२९ मध्ये तयार केलं आणि आम्ही अजून वापरतो. कशासाठी? ग्रेव्हजच्या आजारात थायरॉइड बेफाम हार्मोन सोडत असतो, तेव्हा ऑपरेशनच्या आधी आठ-दहा दिवस ते देतात, ग्रंथी थंडावावी आणि तिच्यातला रक्तपुरवठा कमी व्हावा म्हणून. सुटलेली ग्रंथी आवरायला जे औषध आम्ही देतो, तेच तुम्ही मंदावलेली ग्रंथी हलवायला घेत होतात.

असं का होतं हे १९४८ मध्ये वुल्फ आणि चैकॉफ या दोघांनी बर्कलीत उंदरांवर दाखवलं. रक्तातलं आयोडीन फार चढलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. निरोगी माणसात हा संप थोड्या दिवसांचा असतो. आयोडीन आत ओढणारे पेशींवरचे पंप ग्रंथी कमी करते, आतला साठा उतरतो आणि काम पुन्हा सुरू होतं. हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्या ग्रंथीला नेमकं हे जमत नाही, संप मिटतच नाही. तुमच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह होत्या म्हणजे तुमची ग्रंथी याच जातीची. तिचं दुखणं आयोडीन कमी असल्याचं कधी नव्हतंच. तुमचीच प्रतिकारशक्ती तिला पोखरतेय, आणि वरून आयोडीन ओतलं की ते पोखरणं वाढू शकतं.

टीएसएच ३८ म्हणजे पिट्युटरी ओरडून सांगतेय की हार्मोन कमी पडतंय. ही लागू पडल्याची खूण म्हणणाऱ्याला एकदा त्या वर्गात उभं करायला हवं.

मनगटावरच्या डागाचं म्हणाल तर आयोडीन हवेत उडतं, आणि कातडीवर त्याचं रंग नसलेलं आयोडाइड होतं. त्यामुळे डाग प्रत्येकाचा जातो. माझाही जाईल.

थेंब थांबवले की बऱ्याच जणांचा टीएसएच काही आठवड्यांत उतरायला लागतो. पण आकडा ३८ आणि अंगावर लक्षणं असताना डॉक्टर मध्यंतरी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच हार्मोन गोळीतून, देतील. घ्या, हट्ट करू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा, काही लॅबच्या पद्धतीत त्यांच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो.

आमच्या लहानपणी मिठागरावरून खडेमीठ यायचं आणि थायरॉइड हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. आज घरात सुनेला, मुलीला, शेजारणीला, सगळ्यांना थायरॉइड. सरकारने मिठात आयोडीन घातलं आणि हे सुरू झालं. मी घरात खडेमीठ किंवा सैंधव परत आणावं म्हणतो. — निवृत्त मुख्याध्यापक, पेण

काका, तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेते. चीनमध्ये पानशान, झांगवू आणि हुआंगहुआ या तीन भागांतल्या लोकांवर १९९९ पासून पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. पहिल्या भागात आयोडीन किंचित कमी, दुसऱ्यात गरजेपेक्षा जास्त, तिसऱ्यात खूपच जास्त. या काळात नव्याने सौम्य हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड मंदावणं) झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ०.२, २.६ आणि २.९ टक्के निघालं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्यात चांगली वादावादी झाली. म्हणजे आयोडीन वाढलं की हाशिमोटोची आणि सौम्य बिघाडाची प्रकरणं थोडी वाढतात. हे नाकारणारा डॉक्टर भेटला तर त्याला हा अभ्यास दाखवा.

पण मीठ बदलण्याआधी दुसरी बाजूही ऐका. थायरॉइड शब्द ऐकला नव्हता कारण टीएसएचची तपासणीच नव्हती. कायम थंडी वाजणारी, सुजरी, झोपाळलेली एखादी काकू तुमच्या वाड्यातही असणार. तिला लोक आळशी म्हणायचे. आणि आयोडीन कमी पडलं की काय होतं ते हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात दिसत होतं. गलगंड तर होतेच, शिवाय मुकी-बहिरी आणि मतिमंद जन्मणारी मुलं. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, पाच-सहा वर्षांत गलगंड निम्म्यावर आला. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम तिथून निघाला. २००० मध्ये केंद्राने साधं, बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी उठवली होती, ती २००६ पासून पुन्हा लागू आहे.

मिठातून जास्त आयोडीन जाणं किती अवघड आहे तेही बघा. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवं असा नियम आहे. दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाल्लं तर झाले १५०, त्यातलंही काही फोडणीत आणि उकळण्यात उडतं. ग्रॅमला ३० धरलं तरी १,१०० गाठायला जवळजवळ सदतीस ग्रॅम मीठ खावं लागेल. तेवढं खाल्लंत तर थायरॉइडच्या डॉक्टरआधी ब्लडप्रेशरचा डॉक्टर गाठावा लागेल.

खडेमीठ समुद्राचं, म्हणून त्यात आयोडीन असणारच, अशी एक समजूत आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ५०–६० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं, आणि मीठ वाळता वाळता त्यातलंही फारसं उरत नाही. सैंधवाचंही तेच. एकादशीच्या साबुदाण्यात ते घाला, माझी काही हरकत नाही. रोजच्या आमटीत नको, निदान सुनेला दिवस जाण्याची शक्यता असेल तोवर तरी नकोच. गरोदरपणी गरज २५० मायक्रोग्रॅमवर जाते आणि पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर अवलंबून असतो.

नातू दहा दिवसांचा. नाळेला दिवसातून तीनदा बेटाडीन लावते. सून म्हणते नको. — एक आजी, वाई

सूनबाई बरोबर आहेत. बेटाडीनमध्ये आयोडीन असतं. बाळाची कातडी पातळ असते, ते आत शिरतं, आणि वर सांगितलेला संप मिटवण्याची ताकद तान्ह्या ग्रंथीत पुरती आलेली नसते. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवा, बाकी काही लावू नका. आतापर्यंत लावलंय हे बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते टाचेतून रक्त घेऊन टीएसएच बघतील. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर हे आजच करा. तुमच्या स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्याला बेटाडीन खुशाल लावा.

सासऱ्यांना (७२) हृदयाचे ठोके अनियमित होते म्हणून तीन वर्षांपासून अमिओडॅरोन चालू आहे. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरलं, हातातल्या कपातला चहा बशीत सांडतो. साखर तपासली, नॉर्मल. आता टीएसएच ०.०१ आलाय. लॅबमधल्या माणसाने सांगितलं, या गोळीत आयोडीन असतं. ती लगेच बंद करू का? — नाशिक

स्वतःहून बंद करू नका. ती हृदयाची गोळी आहे, तिचा निर्णय कार्डिओलॉजिस्टनेच घ्यायचा. पण त्यांना आजच फोन करा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

लॅबवाला खरं बोलला. २०० मिलीग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलीग्रॅम आयोडीन असतं, आणि त्यातलं सहा-सात मिलीग्रॅम रोज शरीरात मोकळं होतं. इस्लामपूरच्या ताईंच्या एका थेंबाएवढं हे झालं, फक्त इथे ते रीतसर चिठ्ठीवर लिहून दिलेलं आहे. काहींचा थायरॉइड यामुळे मंदावतो, काहींचा सुटतो. सुटण्याचे प्रकार दोन. एकात गाठी असलेली ग्रंथी मिळालेल्या आयोडीनवर जादा हार्मोन बनवते. दुसऱ्यात गोळीमुळे ग्रंथीला सूज येते आणि साठवलेलं हार्मोन फुटून रक्तात येतं. पहिल्याला थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्या, दुसऱ्याला स्टेरॉइड. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गळ्याची डॉप्लर सोनोग्राफी आणि हार्मोनतज्ज्ञ दोन्ही लागतील. गोळी बंद केली तरी ती चरबीत मुरलेली असते, असर कित्येक महिने राहतो. तेव्हा ‘बंद केली, आता बरं वाटेल’ असं धरून चालू नका. ठोके पुन्हा बिघडले तर ते थायरॉइडमुळेही असू शकतात, हे कार्डिओलॉजिस्टना आवर्जून सांगा.

अमिओडॅरोन सुरू करण्याआधी आणि मग दर सहा महिन्यांनी टीएसएच व्हायला हवा. घरात कुणाची ही गोळी चालू असेल तर फाइल उघडून शेवटची तारीख बघा. म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरलं की सगळे साखरेच्या मागे लागतात, थायरॉइड कुणाला आठवत नाही.

आम्ही तोक्योत राहतो, पक्के शाकाहारी. इथल्या सुपाला माशांचं पाणी असतं म्हणून मी घरी कोम्बूचं (हे समुद्री शेवाळ) करते, रोज. बाळासाठी प्रयत्न चालू आहेत आणि टीएसएच ५.८ आलाय. जपानी लोक तर आयुष्यभर हेच खातात ना?

खातात, आणि बहुतेकांना काही होत नाही. पण होक्काइदोच्या किनाऱ्यावर, जिथे कोम्बू निघतो आणि भरपूर खाल्ला जातो, तिथेच १९६० च्या दशकात आयोडीन जास्त झाल्याने होणारे गलगंड सापडले. वाळलेल्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये दोन मिलीग्रॅमच्या आसपास आयोडीन असू शकतं, आणि उकळलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. तुम्ही पट्टी काढून टाकता आणि पाणी पिता!

रोजचं बंद करा, क्वचित कधीतरी चालेल. सुपाला वाळलेल्या शिताके मशरूमचं पाणी वापरून बघा, चवीला छान लागतं. सुशीला गुंडाळतात त्या नोरी शेवाळात आयोडीन त्या मानाने फारच कमी, सुशी सोडू नका. मात्र धास्तावून समुद्रातलं सगळंच वर्ज्य करू नका, कारण जपानमध्ये मिठात आयोडीन घालत नाहीत. दूध-दही चालू ठेवा. अँटीबॉडी आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) या तपासण्या आताच करून घ्या. टीएसएच ५.८ वर दिवस राहिले तर डॉक्टर बहुधा थायरॉक्सिन सुरू करतील. त्यासाठी पाळी चुकल्यावर थांबू नका, लगेच दाखवा.

आईचा पोटाचा सीटी स्कॅन डाय टोचून झाला. पुढच्या आठवड्यात थायरॉइडचा न्यूक्लिअर स्कॅन ठरलाय. चालेल ना? — बार्शी

चालणार नाही. त्या डायमध्ये प्रचंड आयोडीन असतं, ग्रंथी त्याने भरून गेलेली असते आणि न्यूक्लिअर स्कॅनमध्ये ती काहीच ओढून घेताना दिसणार नाही. सीटीची तारीख स्कॅन सेंटरला फोन करून सांगा, साधारण दोन महिने पुढची वेळ मिळेल. दरम्यान आईंना धडधड, घाम किंवा हात थरथरणं सुरू झालं तर मात्र थांबू नका, टीएसएच लगेच करा. जुन्या गाठी असलेल्या थायरॉइडला डायनंतर काही आठवड्यांनीही हा त्रास सुरू होऊ शकतो.