वाईट ते सगळंच गुन्हा?

वकिलीत नवीन आहेस, म्हणून सांगतो. ‘हे वाईट, म्हणजे गुन्हाच हवा’ असं पटकन म्हणू नकोस. नुकसान कोणाचं झालं आणि तुरुंगाच्या भीतीशिवाय ते थांबणार नाही का, हे आधी बघ. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं; घटस्फोटाला ते कारण आजही चालतं. मला हे पटतं.

वाळीत टाकण्याचं मात्र वेगळं. रायगडातल्या एका वाडीत गावकीच्या धाकाने दुकानदार एका बाईला काडेपेटीसुद्धा देईना. तिच्या सासऱ्याच्या मयताला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. मारहाण नाही, शिवीगाळ नाही; जुन्या कलमांत ते नीट बसेचना. त्यासाठीच २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हवा होता: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. असा पक्षकार आला तर कागद नंतर, आधी त्याच्या ओटीवर जाऊन बस.